अंगांतील मुकादम व मजूर
(एच.आय.व्ही. विषाणूशीं टी पेशी कशा झुंजतात याविषयीं अभ्यासाचा धडा)



सावदा व त्याच्या आसपासचीं गांवें केळीच्या बागांकरितां प्रसिद्ध आहेत. येथील केळीं आगगाडीनें दिल्लीपर्यंत जातात हें लहान मुलासहि ठाऊक आहे. तेव्हां आजचा धडा आम्ही केळीच्या बागेपासूनच सुरू करितों.

सन २०२० च्या पावसाळ्यांत रावेर व यावल या तालुक्यांतील केळीवर एक रोग मोठ्या प्रमाणांत पडला. आपल्याकडे त्यास हरण्या म्हणतात. शेतकीखात्याचे लोक त्यास कुकुंबर मोझॅक असें नांव देतात. कोंवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडूं लागतो आणि झाडाची वाढ खुंटते. हा रोग एका विषाणूपासून होतो, व मावा नांवाची बारीक कीड तो विषाणु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. फवारणी केली असतां मावा मरतो. परंतु झाडाच्या आंत जो विषाणु शिरला तो फवारणीनें मरत नाहीं. म्हणून ज्याला आपली बाग राखावयाची होती त्यानें जड अंतःकरणानें एकच उपाय केला. मजूर लावून रोगट झाड कंदासकट उपटलें आणि बागेबाहेर नेऊन त्याचा नाश केला. झाड गेलें, बाग राहिली.

ही गोष्ट प्रथम सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या शरीरांतहि विषाणूविरुद्ध हेंच काम रात्रंदिवस चाललेलें असतें. केळीचें रोगट झाड उपटणारा बाहेरून यावा लागतो. मनुष्याच्या शरीरांत उपटणारे आंतच राहतात. त्यांस टी पेशी म्हणतात.

हा विषय आम्हीं कां निवडला तेंहि सांगतों. सावद्याच्या बाजूस एका गांवीं आरोग्याविषयींचा वर्ग घेऊन आम्ही उठलों, तोंच एक तरुण मागें थांबला. इतर मंडळी बाहेर जाईपर्यंत तो बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, तीन वर्षें झालीं, मी एच.आय.व्ही.च्या गोळ्या घेतों आहे. घरांत आईखेरीज कोणास ठाऊक नाहीं. आतां तपासणींत विषाणु दिसत नाहीं असें सांगतात, आणि टी पेशी दोनशेंच्या खालून सहाशेंवर आल्या. अंगांतच एवढी फौज उभी राहिली आहे, तर आतां गोळ्या बंद केल्या तर काय बिघडेल?"

त्या रात्रीं आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, डॉक्टरांस विचारल्याशिवाय एकहि गोळी चुकवूं नको. हें उत्तर खरें होतें. परंतु पुरें नव्हतें. कारण न समजतां पाळलेला नियम मनुष्य फार दिवस पाळीत नाहीं. म्हणून त्याच्या प्रश्नाचें पुरें उत्तर आम्ही येथें देतों. तो प्रश्न त्या एकट्याचाच आहे असें नाहीं.

१. विषाणु म्हणजे काय

आपलें शरीर पेशी नांवाच्या अतिसूक्ष्म भागांचें बनलेलें आहे. भिंतींत जशा विटा, तशा शरीरांत पेशी. परंतु वीट निर्जीव असते, आणि पेशी जिवंत असून आपलें पोषण व दुरुस्ती स्वतः करिते. विषाणु ह्या पेशीहून पुष्कळच लहान असतो. त्याला स्वतःचें घर नाहीं, चूल नाहीं, भांडीं नाहींत. तो दुसऱ्याच्या घरांत शिरतो, त्याच्याच चुलीवर आपला स्वयंपाक करितो, आणि आपल्यासारखे शेंकडों विषाणु तेथें तयार करून शेजारच्या घरांत पाठवितो.

विषाणु पेशीच्या बाहेर, रक्तांत वाहत असतो तोंवर त्याला धरण्याकरितां शरीराजवळ प्रतिपिंडें नांवाचे पदार्थ असतात. परंतु एकदां तो पेशीच्या आंत जाऊन बसला म्हणजे प्रतिपिंडांचा हात तेथवर पोंचत नाहीं. मग ज्या पेशींत तो लपला ती पेशीच नाहींशी करावी लागते. हरण्या पडलेल्या झाडाची जी गोष्ट, तीच ही.

२. मजूर आणि मुकादम

टी पेशी ह्या रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं एक जात होय. त्यांचा जन्म हाडांतील मगजांत होतो, आणि छातीच्या हाडामागें थायमस नांवाची जी ग्रंथि आहे तींत त्या शिकून तयार होतात. ह्या ग्रंथीच्या इंग्रजी नांवाचें पहिलें अक्षर टी, म्हणून त्यांस टी पेशी म्हणतात. ही ग्रंथि कशाकरितां आहे हें पुष्कळ काळ कोणास कळलें नव्हतें. सन १९६१ मध्यें जॅक मिलर नांवाच्या शास्त्रज्ञानें लंडन येथें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांची ती ग्रंथि काढून पाहिली, तेव्हां तीं पिलें रोगांपुढें निराधार झालेलीं दिसलीं. तेव्हांपासून ह्या ग्रंथीचें महत्त्व जगास कळलें.

टी पेशींचे दोन मुख्य वर्ग आपणांस ध्यानांत ठेवावयाचे आहेत. पहिल्या वर्गास सीडी ८ पेशी म्हणतात. ज्या पेशींत विषाणु शिरला आहे त्या हुडकून मारणें हें त्यांचें काम. त्यांस आपण उपटणारे मजूर म्हणूं. दुसऱ्या वर्गास सीडी ४ पेशी म्हणतात. ह्या स्वतः फारसें उपटीत नाहींत. परंतु कोणता शत्रु आला आहे तें ओळखून त्या मजुरांस कामाला लावतात, त्यांची संख्या वाढवितात, त्यांचा उत्साह टिकवितात, आणि प्रतिपिंडें तयार करणाऱ्या पेशींसहि इशारा देतात. ह्यांस आपण मुकादम म्हणूं.

ज्यानें केळीची किंवा उसाची तोड पाहिली आहे त्याला मुकादमाचें महत्त्व सांगावयास नको. पन्नास मजूर बांधावर उभे असले आणि मुकादम आला नाहीं, तर कोणी एका ओळींत शिरतो, कोणी दुसऱ्या, आणि दुपारपर्यंत निम्मे लोक सावलींत बसलेले दिसतात. मजुरांच्या हातांत बळ नव्हतें असें नाहीं. त्यांस लावणारा कोणी नव्हता.

आपल्या पायाला कांटा मोडून जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें. तें येणें म्हणजे तेथील ग्रंथींत हे मुकादम व मजूर जमा होऊन त्यांची संख्या झपाट्यानें वाढत आहे असें समजावें. अवधाण दुखतें खरें; परंतु तें शरीराच्या जागेपणाची खूण आहे.

३. रोगट पेशी ओळखूं कशी येते

येथें कोणी विचारील कीं, विषाणु तर पेशीच्या आंत लपला. मग बाहेरून जाणाऱ्या मजुरास तो कळतो कसा? याचें उत्तर फार आश्चर्यकारक आहे. प्रत्येक पेशी आपल्या आंत जें जें तयार होतें त्याचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेविते. आडत्याच्या दुकानांत धान्याचें पोतें बंद असलें तरी मूठभर नमुना वर ठेविलेला असतो, आणि व्यापारी नमुना पाहूनच आंतील माल ओळखतो, तसेंच हें. पेशींत विषाणु असला म्हणजे त्याचेहि तुकडे त्या नमुन्यांत येतात. मजूर पेशी वाटेनें जातां जातां नमुना तपासते. नमुना घरचा असला तर ती पुढें जाते. नमुना परका असला तर ती तेथेंच थांबते, त्या पेशीच्या भिंतीस भोंक पाडते, आणि आंत असे पदार्थ सोडते कीं ती पेशी आपोआप मरते. आणि तिच्याबरोबर तींत तयार होणारे विषाणुहि संपतात.

ही गोष्ट पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल या दोघांनीं सन १९७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें उंदरांवर प्रयोग करून उलगडली, आणि सन १९९६ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं डोहर्टी हे मूळचे जनावरांचे डॉक्टर होते, हें आमच्या शेतकरी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. नमुना ज्या ताटांत मांडला जातो तें ताट प्रत्येक मनुष्याचें निराळें असतें. आईबापांकडून आपणांस जसा चेहरा मिळतो तसें हें ताटहि मिळतें. ह्या ताटाची गोष्ट पुढें पुन्हां येणार आहे.

४. एच.आय.व्ही. मुकादमावरच घाला घालतो

आतां मुख्य विषयाकडे येऊं. सर्दीचा विषाणु नाकाच्या पेशींत शिरतो, काविळीचा यकृताच्या पेशींत शिरतो. एच.आय.व्ही. मात्र सीडी ४ पेशींत, म्हणजे मुकादमांतच, शिरतो. सीडी ४ हें त्या पेशीच्या अंगावरील एका कडीचें नांव आहे, आणि नेमकी तीच कडी धरून हा विषाणु दार उघडतो. दरोडेखोरांनीं गांव लुटण्यापूर्वीं पोलीस पाटलाच्या घरींच मुक्काम करावा, तसा हा प्रकार आहे.

आंत गेल्यावर तो आणखी एक लबाडी करितो. तो आपला मजकूर त्या पेशीच्या मूळ दप्तरांतच घुसडून देतो. तलाठ्याच्या दप्तरांत एकदां खोटी नोंद शिरली म्हणजे जितक्या वेळां सातबारा काढावा तितक्या वेळां ती खोटी नोंदहि बाहेर येते. तसें येथें होतें. पेशी कामाला लागली कीं विषाणूच्या नकला निघूं लागतात. आणि पेशी स्वस्थ निजून राहिली तर ती खोटी नोंदहि मिटलेल्या दप्तरांत वर्षानुवर्षें तशीच राहते. अशा निजलेल्या पेशी औषध घेणाऱ्या रोग्यांच्या अंगांतहि टिकून राहतात, असें सन १९९७ मध्यें निरनिराळ्या शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. त्या तरुणाच्या प्रश्नाचें निम्में उत्तर हींतच आहे.

विषाणु शरीरांत शिरल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याची संख्या अतोनात वाढते. पुष्कळांस ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतें. आणि साधा ताप समजून मनुष्य तें विसरून जातो. ह्याच सुमारास मजूर पेशी कामास लागतात, रोगट पेशी उपटूं लागतात, आणि विषाणूची संख्या झपाट्यानें खालीं येते. ताप जातो. मनुष्य शेतांत कामाला जाऊं लागतो. ही मजूर पेशींची पहिली जीत होय, आणि ती लहान नव्हे.

परंतु ती जीत टिकत नाहीं, याचीं तीन कारणें आहेत. पहिलें, विषाणु नकला करितांना वारंवार चुका करितो, आणि त्या चुकांमुळें त्याचें रूप पालटतें. कालचा नमुना ओळखणाऱ्या मजुरास आजचा नमुना ओळखूं येत नाहीं. दुसरें, मजूर वर्षानुवर्षें विसांव्यावांचून लढून थकतात. ते जागेवर असतात, पण त्यांचा कोयता चालत नाहीं. तिसरें आणि सर्वांत मोठें, मुकादम दिवसेंदिवस कमी होत जातात. निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत साधारणपणें ५०० ते १,५०० सीडी ४ पेशी असतात. औषध न घेतल्यास त्या हळूहळू घटत जाऊन सुमारें आठ ते दहा वर्षांत, कोणाच्या बाबतींत लवकर तर कोणाच्या उशिरां, २०० च्या खालीं येतात. मग जे रोग निरोगी मनुष्याच्या दारांतून परत फिरले असते ते घरांत शिरतात. ह्या अवस्थेस एड्स म्हणतात. आपल्या देशांत ह्या रोग्यांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे क्षय होय, आणि तो पेशी २०० च्या खालीं येण्याची वाटहि पाहत नाहीं.

५. हें खरें कशावरून

टी पेशीच विषाणूस आंवरून धरितात हें कशावरून, असें कोणी विचारल्यास त्याला पुरावा दाखवितां येतो. सन १९९९ मध्यें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं माकडांवर प्रयोग केला. माकडांस एच.आय.व्ही.चाच एक भाऊबंद विषाणु लागतो. असा विषाणु अंगांत असलेल्या माकडांतील सीडी ८ पेशी त्यांनीं औषध टोंचून कांहीं दिवसांपुरत्या नाहींशा केल्या. तत्काळ विषाणूची संख्या अनेक पटींनीं वाढली. आणि त्या पेशी परत येऊं लागतांच ती पुन्हां खालीं आली. राखणदार उठला तेव्हां गुरें शेतांत शिरलीं आणि तो परत येतांच बाहेर पडलीं, तर राखण कोण करीत होता याविषयीं शंका राहत नाहीं.

मुकादमाविषयींहि असाच पुरावा आहे. सन १९९७ मध्यें बोस्टन येथील ब्रूस वॉकर व त्यांचे सहकारी यांना असें आढळून आलें कीं, ज्या रोग्यांच्या सीडी ४ पेशी ह्या विषाणूस जोरानें उत्तर देऊं शकत होत्या, त्यांच्या रक्तांत विषाणूची संख्या कमी होती. मुकादम जागा असेल तेथें मजुरांचें काम चालतें.

६. औषधाविना तरणारे थोडे

जगांत असे कांहीं लोक आहेत कीं ज्यांच्या शरीरांत एच.आय.व्ही. असूनहि औषधावांचून तो वर्षानुवर्षें दबून राहतो. त्यांचें प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी आहे. सन २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासांत असें दिसून आलें कीं, त्यांपैकीं पुष्कळांचें वर सांगितलेलें ताटच विशेष प्रकारचें असतें. विषाणूच्या ज्या भागांस आपलें रूप सहजासहजीं पालटतां येत नाहीं, नेमके तेच भाग त्या ताटांत मांडले जातात. त्यामुळें मजुरांची नजर चुकविणें विषाणूस जड जातें.

आपल्या महाराष्ट्रांतहि हा शोध चालला आहे. पुण्याजवळ भोसरी येथें सन १९९२ मध्यें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. औषधाविना दीर्घकाळ टिकलेल्या भारतीय रोग्यांच्या टी पेशींचा अभ्यास तेथील संशोधकांनीं केला आहे. सन २००५ च्या फेब्रुवारींत ह्याच संस्थेंत आपल्या देशांतील पहिल्या एच.आय.व्ही. लशीची मनुष्यांवर चांचणी सुरू झाली, आणि निरोगी स्त्रीपुरुषांनीं आपण होऊन दंड पुढें केला. ती लस अपायकारक ठरली नाहीं. परंतु तिनें शरीराचा प्रतिकार हवा तितका जागा झाला नाहीं. सन २००७ मध्यें परदेशांत टी पेशी जागृत करणाऱ्या दुसऱ्या एका लशीची मोठी चांचणीहि निष्फळ ठरल्यामुळें मध्येंच थांबवावी लागली. असे प्रयत्न फुकट गेले असें आम्ही म्हणत नाहीं. कोणती वाट बंद आहे हें कळणें हेंहि ज्ञानच आहे.

परंतु येथें आमच्या वाचकांस एक इशारा देणें अवश्य आहे. त्या थोड्या लोकांची गोष्ट ऐकून "आपणहि त्यांपैकीं असूं" असें कोणीं मनांत धरूं नये. तें बाहेरून दिसून येत नाहीं, मनुष्य धडधाकट आहे यावरूनहि कळत नाहीं. आणि काढे किंवा मंतरलेला दोरा देऊन "तुझ्या पेशी वाढवितों, सरकारी गोळ्या सोड" असें सांगणारा मनुष्य भेटला, तर तो रोग्याचे पैसे घेऊन त्याचे मुकादम विषाणूच्या हवालीं करीत आहे असें समजावें.

७. गोळ्या काय करितात, आणि त्या कां सोडूं नयेत

गोळ्या विषाणूस दप्तरांतून उपटून काढीत नाहींत. त्या नवीन नकला निघूं देत नाहींत व नव्या पेशींत शिरकाव होऊं देत नाहींत. नवीन मुकादम मरेनासे झाले म्हणजे त्यांची संख्या हळूहळू भरून येते, आणि रक्तांतील विषाणु इतका कमी होतो कीं यंत्रासहि सांपडत नाहीं. "दिसत नाहीं" याचा अर्थ "उरला नाहीं" असा नव्हे. बागेंत हरण्याचें एकहि झाड आज दिसत नसलें, तरी बांधावरच्या तणांत तो विषाणु राहूं शकतो, हें शेतकरी जाणतो. त्याप्रमाणें निजलेल्या पेशींच्या दप्तरांत खोटी नोंद आहेच. गोळ्या थांबल्या आणि त्यांतील एक पेशी जागी झाली कीं नकला पुन्हां सुरू होतात. बहुतेकांच्या रक्तांत कांहीं आठवड्यांतच विषाणु परत दिसूं लागतो.

त्या तरुणानें जो विचार केला तोच विचार करून जगांतील मोठमोठ्या डॉक्टरांनींहि एक चांचणी केली होती, हें वाचून त्यास नवल वाटेल. तेहतीस देशांतील ५,४७२ रोगी तींत होते. निम्म्यांनीं औषध अखंड घेतलें. बाकीच्यांनीं सीडी ४ पेशी ३५० च्या वर असतांना औषध थांबविलें आणि २५० च्या खालीं आल्यावर पुन्हां सुरू केलें. पेशी चांगल्या असतां औषधास विसांवा दिला तर रोग्याचें हितच होईल, अशी पुष्कळांस आशा होती. घडलें उलट. औषध थांबविणाऱ्यांत आजार व मृत्यु यांचें प्रमाण सुमारें अडीच पट निघालें, आणि जानेवारी २००६ मध्यें ती चांचणी वेळेआधींच थांबविण्यांत आली. तेव्हां हा प्रयोग पुन्हां आपल्या एकट्याच्या देहावर करून पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

गोळ्यांचा लाभ घेणाऱ्या एकट्यालाच होतो असेंहि नाहीं. एका जोडीदारास एच.आय.व्ही. आहे आणि दुसऱ्यास नाहीं, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. आपल्याकडील पुणें व चेन्नई हीं शहरें त्यांत होतीं. वेळींच औषध सुरू केल्यानें जोडीदारास लागण होण्याचें प्रमाण शेंकडा ९६ नें घटलें, असें सन २०११ मध्यें जाहीर झालें. ज्याच्या रक्तांत औषधानें विषाणु सांपडेनासा झाला व तसाच राहिला, त्याच्यापासून शरीरसंबंधानें दुसऱ्यास लागण होत नाहीं, असें आज शास्त्र सांगतें. गरोदर स्त्रीनें औषध घेतल्यास बहुतेक बालकें निरोगी जन्मतात.

आपल्या देशांत सरकारनें दिनांक १ एप्रिल २००४ पासून हें औषध फुकट देण्यास आरंभ केला, आणि ज्या राज्यांत प्रथम आरंभ झाला त्यांत महाराष्ट्र होतें. पूर्वीं पेशी ठराविक संख्येच्या खालीं येईपर्यंत रोग्यास थांबावें लागे. सन २०१७ पासून तपासणींत विषाणु आढळला कीं पेशी कितीहि असोत, औषध मिळतें. मुकादम मरेपर्यंत वाट पाहण्यांत शहाणपण नाहीं हें सर्वांस पटलें, म्हणून हा नियम झाला.

८. झाड उपटावें, माणूस उपटूं नये

येथपर्यंत आम्हीं केळीच्या बागेचा दृष्टांत चालविला. परंतु एका ठिकाणीं तो सोडला पाहिजे, नाहींतर त्याचा अनर्थ होईल. शेतकरी रोगट झाड उपटतो म्हणून गांवानें रोगी मनुष्य उपटावा असें कोणी म्हणेल, तर त्यानें हा धडा उलटा वाचला. शरीर उपटतें ती एक पेशी, आणि ती उपटतें मनुष्य वांचावा म्हणून. मनुष्य हा बागेंतील झाड नव्हे. ज्याच्याकरितां बाग राखावयाची तोच मनुष्य होय.

सन १९८६ मध्यें चेन्नई येथें डॉक्टर सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनीं आपल्या देशांत हा विषाणु प्रथम शोधून काढला. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, महाराष्ट्रीय घराण्यांतल्या. त्यांनीं घेतलेले रक्ताचे नमुने वेल्लोरच्या मिशन रुग्णालयांत तपासले गेले. त्या वेळीं औषध नव्हतें, आणि रोग्याजवळ जावयास लोक भीत. सुनीतिबाईंनीं पुढें सन १९९३ मध्यें आपल्या वडिलांच्या नांवानें एक संस्था काढली, आणि सन २०१५ मध्यें मरण येईपर्यंत त्या अशा रोग्यांची सेवा करीत राहिल्या.

त्यांच्याशीं ताडून पाहतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगावयास आम्हांस लाज वाटते, तरी सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मंडळींत, नवरा एड्सनें वारलेल्या एका बाईस प्रभुभोजनाचा प्याला सर्वांच्या शेवटीं द्यावा असें ठरलें. आम्ही तेथें हजर होतों. एका प्याल्यानें पाणी प्याल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, हात धरल्यानें किंवा डांस चावल्यानें हा विषाणु जात नाहीं. तो शरीरसंबंधानें, बाधित रक्तानें व सुईनें आणि आईपासून बालकास लागतो, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. तरी तंटा नको म्हणून आम्ही गप्प राहिलों. पुढच्या महिन्यापासून ती बाई येईनाशी झाली. औषधाकरितां तिच्याबरोबर जिल्ह्याच्या गांवीं जाणारी सोबतीण त्याच मंडळींतली होती. येणेंजाणें तुटलें तसें तेंहि तुटलें. गोळ्या बंद पडल्या, आणि दीड वर्षानें क्षयानें ती गेली.

विषाणूनें तिच्या अंगांतील मुकादम मारले हें खरें. परंतु बाहेरचा मुकादम, जो तिला हात धरून औषधाला नेत होता, तो विषाणूनें मारला नाहीं. तो आमच्या गप्प बसण्यानें गेला.

म्हणून आमच्या उपदेशक बंधुभगिनींस आमची विनंति आहे. गांवांत कोणास दीर्घ ताप, वजन घटणें किंवा क्षय असेल तर त्यास जवळच्या सरकारी रुग्णालयांत तपासणीस जाण्यास सांगा; ती फुकट होते व गुप्त ठेविली जाते. कोणाचें नांव आपणांस कळलें तर तें आपल्या पोटांत ठेवा. सन २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानेंहि संमतीवांचून तपासणी करणें, नांव उघड करणें व ह्या कारणावरून नोकरींतून काढणें यांस मनाई केली आहे. कोणी गोळ्या घेत असेल तर त्याच्या जाण्यायेण्याची, भाड्याची व सोबतीची चौकशी करा. कांहीं विचारावयाचें असल्यास १०९७ ह्या सरकारी दूरध्वनीवर फुकट उत्तर मिळतें.

आणि त्या तरुणास आमचें उत्तर असें : बाळा, तुझ्या अंगांत फौज उभी राहिली आहे हें खरें, आणि आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु ती फौज उभी आहे ती गोळ्यांनीं तिच्याभोंवतीं कुंपण घातलें म्हणून. पीक भरांत आलें म्हणून कोणी कुंपण काढीत नाहीं. रोज एक ठराविक वेळ धर, आईला आठवण करावयास सांग, आणि पुढच्या तपासणीस सोबत हवी असेल तर आम्हांस निरोप धाड. आम्ही येऊं.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. प्रतिपिंडें असतांना मजूर पेशींची गरज कां लागते?
२. पेशीच्या आंत विषाणु आहे हें सीडी ८ पेशीस कसें कळतें?
३. एच.आय.व्ही. इतर विषाणूंहून अधिक घातक कां? मुकादमाचा दृष्टांत देऊन सांगा.
४. तपासणींत विषाणु दिसत नसतांहि तो कोठें राहतो?
५. पेशी वाढल्यावर औषध थांबविणाऱ्यांविषयींच्या मोठ्या चांचणींत काय आढळलें?
६. आपल्या गांवांत औषधास जाण्याकरितां कोणास सोबतीची गरज आहे काय? (याचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देऊं नये, मनांत द्यावें, आणि सोबतीस जावें.)